सगळ्यांच्या नकाशातली विहीर

कंदील बारीक करा जरा. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही काही ऐकीव गोष्ट नाही. गुणवंतराव मास्तर माझ्या चांगल्या ओळखीचे.

नागपूरच्या एका कॉलेजात ते इंजिनियरिंगच्या पोरांना ड्रॉइंग शिकवत. छप्पन सालच्या चैत्रात पोरांना घेऊन पोंभुर्ण्याच्या जंगलाकडे आले. काम साधं, माळाचा नकाशा काढायचा. माळावर तिपाई मांडायची, तिच्या पाटीवर कागद लावायचा, पट्टीवर नेम धरायला असलेल्या उभ्या फटीला डोळा लावून जे दिसेल ते तिथंच काढायचं.

अमावास्येच्या दुपारी मास्तरांनी कागद तपासले. प्रत्येकाच्या नकाशात माळाच्या मधोमध एक विहीर! आणि माळावर तर विहीर नव्हतीच. बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच येतं, पण चूक एकच आली की ती नक्कल. मास्तरांचा संशय सरळ त्यांच्यातल्या इसरूवर गेला. पोरगा इथलाच. पटवाऱ्याचा जुना नकाशा यानंच आणून वाटला असणार.

"खरं सांग, नाई तं वर्ष गेलं तुझं."

"आईची आन, सर. फटीतून दिसली म्हणून काढली. गावातून मी एकटाच शिकाले गेलो जी, नक्कल कायले करू?"

"मंग मोजणीची काठी घे अन् त्या विहिरीच्या जागी उभा राह्य. मी पाह्यतो."

इसरूचा चेहरा उतरला. पण वर्षाचा प्रश्न होता. लाल-पांढरी काठी घेऊन तो गेला.

दिवस मावळत होता. मास्तरांनी फटीला डोळा लावला. काठी रेषेत नव्हती. रोजच्या सवयीनं त्यांनी हात हलवला... बाजूला सरक. इसरू सरकला. अजून. सरकला.

आणि फटीत कठडा दिसला. दगडी. एका अंगानं ढासळलेला.

त्या खिंडाराशी इसरू.

मास्तर ओरडायला गेले. हात मात्र हलतच होता...

डोळा काढला. माळ सपाट. इसरू नाही.

रात्रभर शोधलं. पुढं ती जागाही खणली. खाली नुसता कोरडा मुरूम. काठी तेवढी वर पडली होती.

मास्तरांनी सगळ्यांना पास केलं. इसरूलाही. मग नोकरी सोडली.

म्हातारपणी त्यांच्या घरी गेलो होतो. भर मे महिना. तीच काठी अंगणात उन्हात टेकवलेली. "वाळत नाई," एवढंच म्हणाले.

मी हात लावला...

टोकापर्यंत ओली होती.