ओताकारचं पान

आमच्या बंदूक कारखान्यात प्रत्येक तपासनिसाचा स्वतःचा पोलादी ठसा असतो. पिस्तुलातून चाचणीचे बार काढायचे, नळी उजेडाला धरायची, सगळं ठीक असेल तरच ठसा उमटवायचा. माणूस कामावरून गेला की त्याचा ठसा ऐरणीवर ठेवून तीन घावांत सपाट करतात. घाव घालायचे ते त्याच्या जिवलग दोस्ताने.

ओताकारच्या ठशावर मी घातले.

कम्युनिस्टांचं राज्य गेलं, लष्कराची मागणी आटली, नवे मालक आले. आम्हा दोन तपासनिसांपैकी एकालाच ठेवणार होते. "नजर कुणाची अधू आहे?" साहेबांनी विचारलं. अधू माझी होती. मी ओताकारचं नाव घेतलं. घरी दोन मुली आहेत वगैरे नंतर सुचलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

बावीस वर्षं आम्ही एका बाकावर बसून चरबी लावलेला पाव खाल्ला होता. दोन घाव झाल्यावर तो म्हणाला, "जोरात मार की, विटेक. भित्र्यासारखं काय मारतोस?"

फेब्रुवारीत तो वारला.

मार्चमधल्या एका सकाळी खोकी आणणारी लुडमिला म्हणाली, "काय हो, आज घरी झोप आली नाही वाटतं? निम्म्या पिस्तुलांवर ठसे मारूनसुद्धा झाले!"

मी अजून कोटही काढला नव्हता.

ठसा लिंडनच्या झाडाच्या पानाचा होता. ओताकारचा. बिनठशाची पिस्तुलं मी भिंग लावून पुन्हा पुन्हा पाहिली. प्रत्येकाच्या नळीत केसाएवढी चीर निघाली. एरवी मला ती दिसली नसती.

मग रोजच तसं होऊ लागलं. मी नळ्या बघणंच सोडलं. पान दिसलं की त्यावर आपला ठसा मारायचा. "नजर आहे की काय तुमची! घारीची!" साहेब म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी एकाही पिस्तुलावर पान नव्हतं.

माल दुपारीच जायचा होता. साहेब दारात उभे होते. "झालं का, विटेक?"

"झालं," म्हणालो, आणि न बघता सगळ्यांवर ठसा मारला. ठसा खणात ठेवला. कुलूप लावलं. किल्ली माझ्याच खिशात होती.

आज सकाळी खण उघडला. माझ्या ठशाचं तोंड चेपलं होतं.

दोन घाव होते. चांगले जोरात मारलेले.