बीमजवळची ताई

"तुझी लेक ज्या दिवशी म्हणेल ना, मला आता भीती वाटत नाही... त्या दिवशी तिला इथून काढ."

हे मला एका बाईने सांगितलं होतं. जिम्नॅस्टिक्स हॉलच्या पायऱ्यांवर. मणक्याला मार लागून तिच्या मुलीचा खेळ सुटला होता. मुलीचं कपाटातलं सामान घ्यायला ती आली होती.

"कशी पडली हो?" मी विचारलं.

"पडली नाही. सोडली तिला."

मी "अरेरे" म्हटलं आणि आत गेले. मनात म्हटलं, हिच्या मुलीचं राहिलं, म्हणून आता दुसऱ्याच्या पोरीला नाट लावतेय.

यातलं काहीही ऐकीव नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. तेही अंधारात नाही. शनिवारी, भर दुपारी, सगळे दिवे लागलेले असताना.

माझी मुलगी नऊ वर्षांची. घरी आम्ही तिला टिचकी म्हणतो. तिला सगळं यायचं, फक्त बीमवर मागे उडी घेताना पाय थरथरायचे. बीम म्हणजे पंजाएवढी रुंद पट्टी, तिच्या खांद्याइतकी उंच. मागे झोकून द्यायचं, आणि हात कुठे टेकणार ते दिसत नाही. म्हणून शिकवणारा शेजारी उभा राहून कमरेला हात देतो. जमायला लागलं की हात काढून घेतो.

तिथल्या मॅडम भयंकर कडक. मुली पाठीमागे त्यांना 'शिट्टी' म्हणायच्या.

"ए, मुळं फुटली का तुला बीमवर? उतर. स्पर्धेला दुसरी जाईल."

टिचकी उतरायची. हॉलच्या मोठ्या काचेअलीकडे, बाकांवर बसलेल्या आया माझ्याकडे बघून हसायच्या.

"आमचीला नाही बाई भीती वाटत. आईच घाबरट असली की मूल तरी काय करणार?"

मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचे.

मग एका संध्याकाळी गृहपाठ करता करता टिचकी म्हणाली...

"आई, मला आता भीती नाही वाटत. ताई धरते."

मला इतका आनंद झाला, की त्या बाईचे शब्द आठवलेसुद्धा नाहीत. मोठ्या मुली लहानांना मदत करत असतील. कोण ताई, तेही मी विचारलं नाही.

"बघ, उगाच जीव टांगणीला लावला होतास," नवरा म्हणाला.

टिचकी झपाट्याने पुढे गेली. हसणाऱ्या आया गप्प झाल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण ती घरी बोलेनाशी झाली. खुर्चीला पाठ टेकेना.

तिचा खेळाचा पोशाख धुताना कमरेवर रोज एक पांढरा ठसा दिसायचा. हात घसरू नयेत म्हणून तिथे लावतात त्या खडूच्या पुडीचा. पाच बोटं.

मॅडमचा हात असेल, असं मी स्वतःला सांगायचे.

ठसा मात्र... लहान होता.

त्या शनिवारी स्पर्धेची निवड होती. मॅडम तरातरा बाहेर आल्या.

"घरी कोण शिकवतं हिला?"

"घरी? कुणीच नाही. तुमची ती ताई..."

"कुठली ताई?"

"बीमजवळ हात देते ती."

"बाई, मी मुलींना हात देऊ देत नाही. आणि मीसुद्धा तिला कधीचा हात दिलेला नाही. मला वाटलं, तुम्ही दुसरा क्लास लावलाय. माझ्याकडे ही नाटकं चालत नाहीत."

आम्ही दोघी आत बघायला वळलो.

काचेपलीकडे टिचकी बीमवर उभी होती. जवळ कुणी नव्हतं. तिने हात वर केले. मागे झोकून दिलं...

आणि ती हवेतच थांबली.

हात बीमला लागले नव्हते. पाय सुटलेले होते. कंबर मात्र हवेत अधांतरी टेकलेली. तिथला कपडा आत दबला होता. पाच ठिकाणी.

मॅडमच्या हातातली शिट्टी खाली पडली.

मग टिचकी अलगद बीमवरच उतरली. कुणीतरी उतरवावं तशी.

मी धावत आत गेले. ती बीमवरून माझ्याकडे बघत मान हलवत होती. नको, नको.

"चल, घरी जाऊ."

"आई, हळू बोल. ती म्हणते, मला सोडून गेलीस तर मधेच हात काढीन. मणक्याला लागलं ना, त्या मुलीच्या कमरेवरचा काढला तसा."

मी तिला उचलून छातीशी धरलं. मॅडम दारातच होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घेऊन जा. आणि बाहेर कुठे बोलाल तर माझ्याइतकी वाईट कुणी नाही."

सोमवारी हॉल नेहमीसारखा उघडला. नवीन मुली आल्या.

आम्ही क्लास सोडला. टिचकी जिना चढता-उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरायची. मला वाटलं, घाबरलेली का असेना, माझ्याजवळ आहे.

काल सकाळी शाळेची बस आली तरी ती खाली आली नाही. मी वर बघितलं...

ती जिन्याच्या टोकाशी उभी होती. पायऱ्यांकडे पाठ. टाचा उचललेल्या. हात वर.

"आई, मला आता भीती नाही वाटत."

कशी धावले, मला माहीत नाही. मागून तिला गच्च पकडलं. माझा हात तिच्या कमरेवर गेला...

तिथे आधीच एक हात होता.

लहान. गार. खडूने कोरडा पडलेला.

त्याने माझी बोटं एकेक करून बाजूला सारायला सुरुवात केली.

मी सोडलं नाही. आज हे लिहितानाही ती माझ्या मांडीवर झोपली आहे, आणि माझा डावा हात तिच्या कमरेखाली आहे. तो मुंग्या येऊन बधिर झालाय. पण काढायची हिंमत होत नाही.

तुमची मुलगी अशा कुठल्या हॉलमध्ये जात असेल, तर तिला विचारा, भीती वाटते का. वाटते म्हणाली, तर निश्चिंत झोपा.

नाही म्हणाली, तर... तिचा पोशाख उलटा करून पाठीकडची बाजू बघा.

उद्या नको. आत्ता उठा.