पायाखालचा उजेड

ही गोष्ट खरी आहे. पटवून घ्यायची सक्ती कुणावर नाही, पण घडली ती अशीच घडली.

हिच्यात अमावस्या नाही, रात्रसुद्धा नाही. दुपार आहे. दोन वर्षांपूर्वीची, ऐन लग्नसराईतली दुपार. आणि जागा म्हणजे कोल्हापुरात शाहूपुरीतलं साड्यांचं एक मोठं दुकान. खाली गिऱ्हाइकांची झुंबड... आणि वरच्या मजल्यावर बिनखिडकीची एक खोली.

त्या खोलीतला उजेड अनेकांत चौगुलेनं केला होता.

अनेकांत उजेडाचीच कामं करतो. दुकानांच्या काचा, प्रदर्शनं, कधी नाचाच्या ग्रुपसाठी दिवे शिवलेले कपडे. त्याचा उजेड माणसाला ओळखतो. तुम्ही जवळ गेलात की जागा होतो, लांब गेलात की झोपतो.

दुकानाचे मालक विजयसिंह माने. त्यांचं दुखणं एकच होतं.

"चौगुले, बायका हितनं साडी नेत्यात, घरात उघडत्यात आणि परत घिऊन येत्यात. म्हणत्यात, रंगच दुसरा निघाला."

त्यासाठी ही खोली. दारापासून आरशापर्यंत, आणि तिथून बाजूच्या पार्टिशनपर्यंत, जमिनीत काचेच्या पट्ट्या बसवलेल्या. पट्टीवर पाय पडला की तिच्याखाली दिवा लागायचा. जितका भार जास्त, तितका उजेड जास्त. पाय उचलला की विझायचा. आणि बाई साडी अंगावर धरून आरशासमोर थांबली की वरचा उजेड आपोआप बदलायचा. आधी ऊन. मग मांडव. मग घर.

ऊन आणि मांडव पटकन जमले. घरचा उजेड काही केल्या जमेना. त्यासाठी साडी नेसलेली कुणीतरी बाई समोर उभी राहायला हवी होती. बराच वेळ.

त्यानं अक्काला बोलावलं.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, अरुणा. कागलला दिलेली. आई लवकर गेली, त्यामुळं अनेकांतला वाढवलं ते हिनंच. नाचाच्या कपड्यांवर बारीक दिवे टाकायचे असले की टाके तीच घालून द्यायची. म्हणायची, "तुझ्या कामात मला लई बरं वाटतंय बघ."

एसटीनं आली. अंजिरी साडी नेसून आली होती, मुद्दाम.

खोलीचं उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं, म्हणून काम आजच संपवायचं होतं. अनेकांत लॅपटॉप घेऊन पार्टिशनच्या मागं बसला. तिथून अक्का दिसत नव्हती. स्क्रीनवर दिसत होते फक्त साडीच्या रंगाचे आकडे आणि तिच्या पायाखालच्या पट्ट्या. आरशाजवळ एक स्टूल होतं, पण पट्ट्या त्यालाही माणूस समजायला लागल्या. त्यानं ते उचलून बाहेर ठेवलं.

दुपार कलली.

"अनू, जरा टेकू का रं?"

"दोन मिनिटं अक्का. जमतच आलंय."

थोड्या वेळानं स्क्रीनवर डावी पट्टी उजळली, उजवी मंद झाली. मग उजवी उजळली. मग परत डावी...

"अक्का, हलू नको की. सगळं बिघडतंय."

"पाय भरून आल्यात बाळ. आन् छातीत कसंतरीच हुतंय."

"झालंच. उभी ऱ्हा जरा."



पट्ट्या स्थिर झाल्या.

अनेकांतला वाटलं, बरं झालं.

काम संपलं तेव्हा घरचा उजेड असा जमला होता की विजयसिंह बघतच राहिले. अक्काच्या कपाळावर घाम होता. दिवस मावळायच्या आत जेवायचा तिचा नेम होता, म्हणून ती लगेच निघाली. अनेकांतनं तिला स्टँडवरसुद्धा सोडलं नाही. वायरी आवरायच्या राहिल्या होत्या.

संध्याकाळी कागलहून फोन आला.

ओट्यासमोर उभ्या-उभ्याच अक्का कोसळली होती. डॉक्टर म्हणाले, हार्ट. येणारी-जाणारी माणसं म्हणाली, पुण्यवान बाई, हाल झाले नाहीत.

तिचा नवरा, धनपाल दाजी, एका कोपऱ्यात बसून होते. ऊस पिकवणारा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी अनेकांतला जवळ बोलावलं.

"दुकानात काय बोलली का रं ती? दमली हुती का?"

अनेकांतच्या तोंडात खरं आलं होतं. शपथेवर सांगायचं तर आलं होतं.

"न्हाय दाजी. हसत होती."

सुतक फिटलं. दिवस गेले. अनेकांत कामाला लागला. झोपायला डोळे मिटले की मात्र त्याला अक्काचा चेहरा दिसायचा नाही. पट्ट्या दिसायच्या. स्थिर झालेल्या.

मग एका दुपारी विजयसिंहांचा फोन आला.

"चौगुले, वरचा लाईट आपोआप लागतोय. खोली रिकामी असती आणि लागतोय. बघून जावा."

सेन्सर बिघडला असणार. काच आणि धूळ म्हटल्यावर असं होतंच. तो गेला.

खाली साड्यांच्या घड्या घालणाऱ्या शालूबाई बसल्या होत्या. त्यांनी त्याला जिन्याशी अडवलं.

"दादा, वर एकटं जातायसा?"

"का हो?"

"न्हाय... म्या जात न्हाय आता. दुपारचं तर न्हाईच."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली आणि घडीला लागल्या.

अनेकांतनं वर जाऊन सेन्सर बदलले. वायरी तपासल्या. सगळं ठीक होतं. मग पार्टिशनच्या मागं, त्याच जागी लॅपटॉप घेऊन बसला. खालून गिऱ्हाइकांचा गलका येत होता. कुणीतरी पैठणी दाखवा म्हणत होतं.

आणि मग खालचा गलका ऐकू येईनासा झाला.

दार बंद नव्हतं. खाली माणसं होती. पण आवाज नव्हता.

स्क्रीनवर दाराजवळची पट्टी लागली...

विझली. तिच्या पुढची लागली...

कुणीतरी चालत येत होतं. सावकाश. पायाला घाई नसलेलं, किंवा दम लागलेलं.

अनेकांत पार्टिशनच्या कडेनं डोकावला.

खोलीत कुणीच नव्हतं.

पट्ट्या मात्र लागत होत्या. एक विझायची, पुढची लागायची. थेट आरशापर्यंत. तिथं शेजारशेजारच्या दोन पट्ट्या लागल्या आणि तशाच राहिल्या. वरचा उजेड बदलला. ऊन. मांडव. घर.

घरावर येऊन थांबला.

आरशात रिकामी खोली दिसत होती.

त्यानं स्वतःला समजावलं, करंट गळत असेल. उठायला म्हणून त्यानं हात टेकला... आणि तेवढ्यात डावी पट्टी उजळली. उजवी मंद झाली.

मग उजवी उजळली.

मग डावी.

उभं राहून राहून पाय दुखले की माणूस भार बदलतो, तसं. या पायावरून त्या पायावर.

मेन स्विच अनेकांतच्या हाताशी होता. त्यानं तो खाली ओढला. काळोख झाला. त्या काळोखात त्याला श्वास ऐकू आला नाही, हालचाल ऐकू आली नाही, काहीच नाही. स्विच परत वर केला.

त्याच दोन पट्ट्या. डावी... उजवी... डावी.

तो धावत बाहेर गेला. त्या दिवशी बाहेर ठेवलेलं स्टूल घेऊन आला आणि आरशासमोर ठेवलं. स्टुलाखालची पट्टी लागली.

"अक्का, बस."

पट्ट्या तशाच हलत राहिल्या.

"अक्का, बस गं. मी सांगतोय न्हवं. बस आता."

कुणी बसलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या दोन पट्ट्या हलायच्या थांबल्या. एकदम स्थिर झाल्या. जशा त्या दिवशी झाल्या होत्या तशा. मग विझल्या, आणि खालचा गलका परत ऐकू यायला लागला.

त्या रविवारी अनेकांत कागलला गेला. दाजींना सांगायचंच, असं ठरवून गेला. एसटीत बसून त्यानं वाक्यंसुद्धा जुळवली होती.

दाजींनी स्वतः चहा केला. कप पुढं ठेवला.

"अनेकांत, खरं सांगू? तू म्हणालास न्हवं, ती हसत हुती. त्यावरच झोपतोय बघ मी. न्हायतर डोक्यात नुसतं चालतंय. दुखत असंल का, सांगितलं नसंल का. मग म्हणतो, न्हाय. हसत हुती. आणि झोप लागती."

अनेकांत चहा प्याला.

जुळवलेली वाक्यं पोटात गेली.

निघताना दाजी चप्पल घालून दारात उभे राहिले.

"मला ती जागा दावतोस? जिथं ती उभी हुती?"

"तिथं काय न्हाय दाजी. दुकान आहे."

"असंल की. दाव."

नाही म्हणायला त्याच्याकडं कारण नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात दाजी आले. स्वच्छ पांढरा शर्ट घालून, देवळात जावं तसे. अनेकांत त्यांना वर घेऊन गेला. दारातच त्यानं सगळीकडं बघून घेतलं. एकही पट्टी लागलेली नव्हती. त्याला जरा धीर आला.

"तिकडं. आरशासमोर."

दाजी चालत गेले. त्यांच्या पायाखाली पट्ट्या लागत गेल्या, विझत गेल्या. लहान मुलासारखं ते वाकून बघत होते. आरशासमोर थांबले. उजेड बदलला. ऊन, मांडव... आणि घर.

दाजींनी डोळे पुसले.

अनेकांत पार्टिशनपाशी उभा होता. त्यानं बघितलं...

दाजींच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, आणखी दोन पट्ट्या लागल्या होत्या.

"ह्यो शेजारचा कशानं लागलाय?" दाजींनी विचारलं.

"सेन्सर खराब आहे."

"बरा हाय की. असू दे."

ते त्या उजेडाशेजारी उभे राहिले. बराच वेळ. खाली बघत.

"किती येळ उभी हुती रं ती?"

खालून आता एकही शब्द वर येत नव्हता.

"थोडाच वेळ," अनेकांत म्हणाला.

दाजींच्या शेजारच्या पट्ट्या विझल्या.

मग अलीकडची एक लागली. विझली. तिच्या अलीकडची लागली...

चाल ओळखीची होती. सावकाश. ती दाराकडं जात नव्हती. पार्टिशनच्या बाजूला सगळ्यांत शेवटी दोन पट्ट्या होत्या, अनेकांतच्या पायापासून वीतभर लांब. त्या लागल्या. त्याच्या पुढं जमिनीत काच नव्हती. उजेड तिथंच थांबला.

डावी... उजवी... डावी...

अनेकांतला मागं सरकता येईना. पाठीला भिंत होती. समोर कुणी नव्हतं. पण समोर हवा जड झाली होती, कुणी तोंडाकडं बघत उभं असावं तशी. त्या बघण्यात राग वाटत नव्हता. माया वाटत नव्हती. नुसतं कुणीतरी वाट बघत होतं.

त्यानं तोंड उघडलं. दाजी पाठमोरे होते. एका वाक्याचं काम होतं.

त्यानं तोंड मिटलं.

"चल," दाजी वळून म्हणाले. "जीव शांत झाला बघ."

अनेकांतनं ती खोली उचकटून टाकली. विजयसिंह चिडले, भांडले, पण त्यानं ऐकलं नाही. पट्ट्या काढल्या, फरशी घातली, साधे ट्यूबलाइट लावले. शालूबाई आता दुपारी वर जातात. आता तिथं काही नाही, असं म्हणतात.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं.

पण दाजींचा फोन येतो. एकटेच असतात, जेवण झालं की करतात. त्यांना त्या पट्ट्या हव्या आहेत. घरी, कागलला, स्वयंपाकघरात ओट्यासमोर.

"दोनच लाव. तिथं उभा राहिलो तवा लई बरं वाटलं मला. म्हणलं, घरात असल्या म्हंजे रोज..."

"येतो दाजी. कामं आवरली की येतो."

पट्ट्या जोडून तयार आहेत. अनेकांतनं त्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्यात. कधी पाऊस, कधी ऑर्डर, कधी तब्येत, असं सांगत त्यानं वर्ष काढलंय.

त्या लागतील याची भीती त्याला वाटत नाही. लागतीलच, हे त्याला ठाऊक आहे. भीती निराळी आहे. दाजी त्या बाईबरोबर आयुष्यभर राहिलेत. ओट्यासमोर तो उजेड एकदा या पायावरून त्या पायावर झाला, की बघता क्षणी त्यांना कळेल, ही दमलीय.

आणि मग ते अनेकांतकडं बघतील.

काल परत फोन आला होता. दाजी म्हणाले, तुला जमत न्हाय तर मीच येतो घ्यायला, उद्याच्या एसटीनं.