फाटकाची तीन कुलपं

"शेरीफ, व्हर्लची चाळीस गुरं बंदी घातलेल्या झऱ्यावर घुसलीत. त्याचा चराईचा परवाना आता गेलाच म्हणून समज!" सरकारी कुरणांचा रेंजर डटसन मंगळवारी सकाळी फोनवर म्हणाला.

शेरीफ रुलॉन निघाला. आमच्या युटा राज्यात कुरण सरकारचं आणि गुरं आमची. परवाना गेला की म्हाताऱ्या व्हर्लकाकांना कळप विकावा लागणार.

झऱ्याच्या कुंपणाचं फाटक बंद होतं. डटसन तिथेच होता. व्हर्लकाका हॅट हातात धरून उभे होते.

"फाटक कसं सापडलं?" रुलॉनने डटसनला विचारलं.

"सताड उघडं. व्हर्लचं कुलूप उघडं लोंबत होतं. गुरं हाकलली, तेच कुलूप दाबलं, बस्स."

"आणि तुझं कुलूप?"

"हातसुद्धा लावला नाही. पंधरा दिवसांत इकडे फिरकलोच नव्हतो."

"काका, तुमचं काय म्हणणं?"

"माझं रविवारीच सांगून झालंय," व्हर्लकाका जमिनीकडे बघत म्हणाले.

कुंपणाची तार शाबूत होती. फाटकाच्या साखळीत व्हर्लकाकांचं, शेरीफचं आणि रेंजरचं अशी तीन कुलपं एकमेकांत अडकवलेली असतात. कुणीही आपलं उघडलं की फाटक उघडतं. लावताना मात्र ते शेजारच्या कुलपात अडकवायचं, नाहीतर बाकीच्यांच्या किल्ल्या कामी येत नाहीत. रुलॉनने आपलं कुलूप उघडलं. साखळी सुटली नाही.

तो वाकून बघू लागला आणि त्याचे कान तापले.

"डटसन, साखळीची दोन्ही टोकं तुझ्याच कुलपात आहेत. काकांचं आणि माझं नुसतं बाजूला लोंबतंय. काकांचं कुलूप दाबून हे फाटक बंद होऊच शकत नाही. शेवटचं ते तुझ्या कुलपानं लागलंय."

"सकाळी घाईत झालं असेल. पण उघडं टाकलं त्यानंच!"

"कशानं उघडणार? रविवारपासून त्यांची किल्ली चालत नव्हती; चालत होती ती फक्त तुझी. आधी तू चुकीचं लावून त्यांना बाहेर ठेवलंस. मग स्वतःच उघडं टाकून गेलास, आणि गुरं घुसल्यावर खापर म्हाताऱ्यावर."

"रविवारपासून? कोण म्हणतं?"

रुलॉनला मान वर करवेना. रविवारी चर्च सुटल्यावर काका हेच सांगायला आले होते. "काका, वय झालं, किल्ली भलतीच आणली असेल!" असं तो चारचौघांत म्हणाला होता. सगळे हसले होते, तोही. त्याने तक्रार लिहूनही घेतली नव्हती.

"मी म्हणतो," तो म्हणाला.

रुलॉनने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सगळं लिहिलं, आपलं हसणंही लिहिलं, आणि सही केली.

व्हर्लकाकांनी कागद वाचला, उलटून पाहिला.

"मागची बाजू कोरी आहे," ते म्हणाले. "शेजारच्या एस्प्लिनबाईंची पाण्याची टाकी या डटसननंच फोडली, हे सांगायला त्या तुझ्याकडे आल्या होत्या. त्यांनाही हसला होतास. तेही लिही."

रुलॉनने पुन्हा पेन उघडलं.