दावं कुणी कापलं?

बीबी गावच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन वाजला, तेव्हा डॉक्टर गार्गीनं नुकताच डबा उघडला होता.

"मॅडम, लवकर या," पलीकडून बीट जमादार बोलत होते. "उकंडरावाची गाय मेली. संघपालनं विष घातलं म्हन्ते. लोक जमून राह्यले. तुम्ही विषाचं लिहून देल्लं की मी त्याले गाडीत घालतो."

गार्गीनं डबा तसाच झाकला.

गाय गोठ्यात खांबाजवळ आडवी पडली होती. पोलिसांच्या जीपपाशी संघपाल उभा होता. त्याची बायको समता त्याचा हात सोडायला तयार नव्हती. गर्दीनं निकाल कधीच लावून टाकला होता. गर्दीला डॉक्टरची गरज नसते.

"काल संध्याकाळी तू इथं आला होतास?" गार्गीनं संघपालला विचारलं.

"हाव. गाय रोज माह्या हरभऱ्यात घुसे. म्हटलं, बांधून ठेवा, नाई त पाहा."

"आयकलं? पाहा म्हणे!" उकंडराव ओरडला. "अन् पाह्यलं त गाय खलास!"

"नाई त कोंडवाड्यात नेतो, असं म्हटलं होतं मी."

"उकंडराव, रात्री तुम्ही कुठं होता?"

"लोणारले, साडूकडं मुक्काम होता. सकायी आलो त हे असं."

"घरी कोण होतं?"

"शालू. तिले काऊन विचारता? गायीवर पोटच्या पोरीवानी जीव तिचा. सकायपासून पाणी नाई घेतलं, की शब्द नाई बोलली."

उकंडरावाची बायको शालूबाई उंबऱ्यावर बसली होती. बाहेर ऊन रखरखत होतं, आणि हिच्या गळ्याभोवती पदराचे दोन वेढे. गार्गीनं हाक मारली तर तिनं नुसते हात जोडले.

गार्गीनं गाय चिरून तपासली. पोटात फवारणीच्या औषधाचा वास नव्हता. जीभ सुजून बाहेर आली होती, मानेवरचे केस घासून निघाले होते आणि श्वासनळीवर रक्त साकळलं होतं.

"विष नाही," ती म्हणाली. "गळा आवळून मेली."

लोकांचं काही अडलं नाही. "मंग त सरळच झालं! संघपालनं फास देल्ला!" जमादारांनी त्याचा दंड धरला. समता काही बोलायला गेली, पण तो गलका तिला बोलू देईना.

"थांबा," गार्गी म्हणाली. "हिचं दावं कुठं आहे?"

ते कुणी पाहिलंच नव्हतं. खांबाला छातीच्या उंचीवर दाव्याचा वीतभर तुकडा लोंबत होता, विळ्यानं कापलेला. उरलेलं दावं गायब. आणि रोज बांधून बांधून खांब जिथं झिजला होता, ती जागा होती गुडघ्याजवळ.

गार्गीनं बाजूला जाऊन खामगावला वडिलांना फोन लावला. रमाकांत निवृत्त मास्तर. बांधण्या-सोडण्याचे शब्द जमवायचा त्यांना नाद, आणि त्या नादानं घरचे कावलेले.

"बाबा, दावं."

त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. "संस्कृत दाम, म्हणजे दोर. यशोदेनं तो ज्याच्या पोटाला बांधला, तो दामोदर. ओळीनं जनावरं बांधली की दावण. एखाद्याच्या दावणीला बांधलं जाणं म्हणजे..."

"बाबा! गाय मेल्यावर दाव्याचं काय करतात?"

"मेल्यावर नाही, बाई. मरताना सोडतात. गळ्यात दावं असताना गाय गेली तर पाप बांधणाऱ्याला लागतं, असं जुनी माणसं मानायची. मग प्रायश्चित्त. उपास, मौन, आणखी बरंच."

"आणखी काय?"

त्यांनी सांगितलं. गार्गी परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"जमादार, त्याचा दंड सोडा," ती म्हणाली. "चोर दावं कापून टाकत नाही, गाय न्यायला त्याला ते लागतं. वैऱ्याचं काम गाय मेली की संपलं. मेल्या गाईच्या गळ्यातलं दावं एकालाच सहन होत नाही. ज्यानं ते बांधलं त्याला."

"म्हंजे?" उकंडरावानं विचारलं.

"काल संघपाल बोलून गेला. घरी शालूबाई एकट्या. गाय पुन्हा सुटू नये म्हणून त्यांनी दावं वर बांधलं, आखूड. घाईत सरकफास पडला. रात्री गाय खाली बसायला गेली आणि फास आवळला. सकाळी त्यांनी दावं कापलं आणि प्रायश्चित्त धरलं."

"माही शालू? मंग दावं कुठं हाय?"

"त्यांच्या गळ्यात."

शालूबाईनं सावकाश पदराचे वेढे सोडले. खाली दावं होतं. मान काचून लाल झाली होती.

गार्गीला तिची दया आली आणि संतापही आला. "मावशी, तुम्ही पाप फेडायला गप्प बसलात. पण तो माणूस जेलात चालला होता, त्याचं काय?"

"म्याच बांधली," शालूबाईचा आवाज फाटला. "हंबरली असन बापा ती. मले झोप लागली होती. संघपालचं नाव निघालं तवाच बोलाचं होतं. मनाले म्हटलं, मौन मोडू नाई." तिनं गळ्यातलं दावं मुठीत धरलं. "खोटं हाय ते. भेव वाटलं मले. मौनाचं निमित्त केलं."

जमादारांनी संघपालला सोडलं. समता त्याला घेऊन घराकडं गेली. गर्दी पांगू लागली. लोकांना अचानक शेतातली कामं आठवली.

गळ्यात दावं घेऊन पाच घरी मागायचं, हा प्रायश्चित्ताचा शेवटचा भाग. शालूबाई उठली. आपल्या भावकीची दारं ओलांडून ती थेट गावाच्या टोकाला संघपालच्या घरी गेली. आजवर तिनं तिथलं पाणीही घेतलं नव्हतं. दारात उभी राहून तिनं पदर पसरला.

समतानं आतून भाकर आणून पदरात टाकली.

"हे तुमच्या गायीसाठी, काकू," ती म्हणाली. "आमच्यावर आळ घेतला त्याच्या माफीचं मांगनं वेगळं हाय. ज्यायनं घेतला त्यायले म्हना, सोता या."

उकंडराव बायकोच्या मागं मागं गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. त्यानं ते ऐकलं. तो पुढं आला नाही, आणि त्याला घरीही जाववेना.