भरून दिलेली टाकी

उपाशी ठेवलं की यंत्र बंद पडतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण टाकी काठोकाठ भरलेली असताना ते का बंद पडावं? भिवाकाका गुरवांचं ग्रासकटर (खांद्याला अडकवून गवत कापायचं यंत्र) त्या सकाळी सावरखोलच्या सड्यावर (गावामागच्या कातळाच्या पठारावर) नेमकं असंच बंद पडलं. सुरू झाल्यापासून ते खोकत होतं. मग एकदम किंचाळलं आणि गप्प झालं. सुरू करायची दोरी ओढायला जावं, तर दोरी जागची हलेना.

तसं सावरखोल काही मागासलेलं गाव नव्हतं. गाड्या विजेवर चालत होत्या, टपाल ड्रोन आणून टाकत होता आणि शाळेत भूगोल शिकवायला थेट उपग्रह यायचा. पण सड्यावरचा कातळ आणि उभा उतार यांच्यापुढे बॅटरीवरची कटरं दुपारीच मान टाकत. म्हणून दोन-चार पेट्रोलची कटरं अजून गावात टिकून होती. दिवाळीनंतर गवत वाळलं की गाव त्यांनीच जाळरेषा काढायचं (वणवा काजूच्या बागांपर्यंत येऊ नये म्हणून गवत कापून मोकळा ठेवलेला पट्टा). वारा कुठून फिरेल आणि रेषा कुठून न्यायची, हे भिवाकाका सांगत. गेली कित्येक वर्षं त्यांचा शब्द कुणी मोडला नव्हता.

काकांनी यंत्र उचललं आणि गावाच्या दुरुस्तीघरात आणलं. त्यांच्या मागोमाग शर्वाणी आलीच. सगळे तिला शरू म्हणत. विज्ञानाच्या स्पर्धेत तालुक्यात पहिली आल्यापासून गावातलं कुठलंही कोडं आपल्याशिवाय सुटता कामा नये, असा तिचा समज झाला होता.

दुरुस्तीघरात खटपट्या होता. हा तीन हातांचा रोबो. दोन हात काम करायला आणि तिसरा सतत हत्यारं पुसायला. त्याने यंत्र खोललं, आतला पिस्टन (सिलिंडरमध्ये वर-खाली धावणारा धातूचा दट्ट्या) बाहेर काढला आणि शरूच्या हातावर ठेवला. त्यावर मांजरानं बोचकारल्यासारखे ओरखडे होते.

"शरूताई, तळहात एकमेकांवर जोरात घास," तो म्हणाला.

शरूनं घासले. हात चटकन तापले. मग खटपट्यानं तिच्या तळहातावर खोबरेल सोडलं आणि पुन्हा घासायला सांगितलं. आता हात सुळकन सरकले, तापले नाहीत. खटपट्यानं समजावलं की मोठ्या गाडीच्या इंजिनात तेलासाठी वेगळी जागा असते, पण या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनात (पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत एकदा पेट घेणाऱ्या इंजिनात) ती नसते. त्याला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. म्हणून पेट्रोलमध्ये खास तेल मिसळावं लागतं. ते मिसळलं नाही, तर धातू धातूवर घासतो, तापतो, फुगतो आणि सिलिंडरलाच चिकटून बसतो.

"आणि त्या तेलाला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. मिसळलंय की नाही, ते नुसतं बघून कळावं म्हणून," असं म्हणत त्यानं टाकीतलं पेट्रोल काचेच्या नळीत ओतलं. निळेपणाचा मागमूस नव्हता.

शरूला उत्तर सापडलं होतं. ते तिच्या तोंडात मावेना.

"काका, तुम्ही तेल घालायला विसरलात," ती म्हणाली. "सोप्पं आहे."

भिवाकाकांनी नळीकडे पाहिलं. "तुझ्या बाबांनी कटर नेलं, तेव्हा मी टाकी भरूनच दिली होती," ते सावकाश म्हणाले. "परत आली ती पण भरलेलीच. म्हणजे तुम्ही यंत्र फारसं वापरलं नसणार. विसरलो असेन गो. वय झालं."

खटपट्याचं संपलं नव्हतं. त्यानं नळी स्टँडमध्ये उभी करून ठेवली. थोड्या वेळानं तिच्या तळाशी एक पातळ, वेगळा थर दिसू लागला, वरणावरचं पाणी वेगळं व्हावं तसा, फक्त इथे तो खाली होता. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं (उसापासून, धान्यापासून काढलेलं मद्यार्काचं इंधन), असं त्यानं सांगितलं. पेट्रोलचं आणि पाण्याचं जमत नाही, पण इथेनॉल पाण्याचं मोठं लोभी. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत ते जळून जातं, म्हणून बिघडत नाही. छोट्या यंत्राच्या टाकीत किंवा बाटलीत पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिलं, तर इथेनॉल पुरेसं पाणी पितं आणि पेट्रोलची साथ सोडून पाण्याला घेऊन तळाशी बसतं. इंजिनाला पेट्रोल जातं तेही टाकीच्या तळापासूनच.

"या पेट्रोलनं एक अख्खा पावसाळा पाहिलेला आहे," खटपट्या म्हणाला.

"काहीतरीच," काका म्हणाले. "मी हायवेच्या पंपावरून लागेल तेवढंच ताजं आणतो." मग ते थांबले. त्यांच्या कपाळावर आठी आली. "की जुनंच ओतलं मी? कुठलं ओतलं? मला तर आठवतसुद्धा नाही."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पलीकडच्या वाडीतल्या विलासला निरोप द्यायला त्यांनी खटपट्याला सांगितलं. यंदाची जाळरेषा विलासनं काढावी. ज्याला तेल आठवत नाही, त्याच्या सांगण्यावरून गावानं आगीपुढे उभं राहू नये.

आणि तेव्हा, काका टोपी चाचपत बसलेले असताना, शरूला ती बाटली आठवली.

चार दिवसांपूर्वी घरामागचं गवत कापायला बाबांनी काकांचं कटर आणलं होतं. काम होईपर्यंत टाकी रिकामी झाली. यंत्र परत करायचं काम शरूवर आलं. शेजारच्यांचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. शेजारच्या काकूंच्या पातेल्यातून आई आंबोळ्या पाठवायची, काहीच नसलं तर निदान गुळाचा खडा तरी. मग टाकी म्हणजे काय, भांडंच की. बाबांनी जुनी मोटारसायकल विकली, तेव्हा तिच्यातलं उरलेलं पेट्रोल उन्हाळ्यापासून पडवीत बाटलीत पडून होतं. शरूनं ते काठोकाठ ओतलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं. पेट्रोल म्हणजे पेट्रोल, त्यात तालुक्यात पहिल्या आलेल्या मुलीनं काय विचारायचं?

तिला बोलायचं होतं. पण कसं? आत्ताच तर तिनं "सोप्पं आहे" म्हटलं होतं. ती तशीच, तेलकट हातांनी घरी पळाली.

रात्री शरू जेवायला बसली. आई सांगत होती की भिवाकाका खचलेत, शहरात नेऊन डोकं तपासून घ्या म्हणतायत. शरूची मान वर होईना. चूक झाली, याची लाज होतीच. पण आपली चूक आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात नेऊन ठेवली, याची लाज तिला जास्त जाळत होती. आई म्हणाली, "जा, एवढी खीर देऊन ये त्यांना." शरूनं भरलेली वाटी हातात घेतली, तेव्हा तिला रडू आलं.

काका ओटीवर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. शरू जवळ गेली, तेव्हा कळलं, ते पाढे म्हणत होते.

"तिसापर्यंत यायचे मला," ते डोळे न उघडता म्हणाले. "एकोणतीसचा अडकतोय. दुपारपासून तिसऱ्यांदा."

"काका, तुम्ही काही विसरला नाहीत," शरू म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा सांगावं लागलं. "ते पेट्रोल मी ओतलं. आमच्या बाटलीतलं. तेल घालायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि वर तुम्हालाच म्हटलं, तुम्ही विसरलात."

काकांनी डोळे उघडले. ते टोपीची घडी घालत, उलगडत राहिले. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

"यंत्राचं काही नाही गो," अखेर ते म्हणाले. "लोखंड बदलता येतं. पण दुपारभर मी स्वतःला घाबरत होतो." त्यांनी वाटी तिच्या हातातून घेतली. "सांगितलंस, बरं केलंस. उद्या सांगितलं असतंस, तर मी विसाच्या पाढ्यालाही अडकलो असतो."

"एकोणतीसचा सगळ्यांचाच अडकतो," शरू नाक पुसत म्हणाली. त्यावर काका जे हसले, त्यानं ठसका लागून खीर सांडली.

दुसऱ्या दिवशी शरू त्यांच्याबरोबर दुरुस्तीघरात गेली आणि तिनं खटपट्यालाही सगळं सांगितलं. त्याला आधीच माहीत होतं का, असं तिनं विचारलं.

"पेट्रोल जुनं आहे, एवढं मला कळलं," तो म्हणाला. "ते कुणी ओतलं, हे वासावरून कळत नाही. ते माणसांनीच सांगायचं असतं."

नवा पिस्टन बसवता बसवता त्यानं तिला बाकीचंही शिकवलं. सगळ्यात महाग, जास्त ऑक्टेनचं (दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची ताकद जास्त असलेलं) पेट्रोल घातलं असतं, तर यंत्र वाचलं असतं का, असं शरूनं विचारलं होतं. वाचलं नसतं. ती ताकद लागते ती जास्त दाबाच्या इंजिनांना. या पिटुकल्याला हवं ताजं पेट्रोल, मिळेल तितकं कमी इथेनॉलचं, आणि बनवणाऱ्यानं सांगितलंय तेवढंच तेल. या यंत्राला लिटरमागे चाळीस मिलिलिटर, दुसऱ्याचं प्रमाण वेगळं असू शकतं. आणि काम संपलं की टाकी रिकामी करून ठेवायची.

पेट्रोल काकांनी ओतलं. तेल शरूनं मापानं घातलं. डबा हलवला, तेव्हा आतला रंग फिकट निळा झाला होता.

विलासला दिलेला निरोप काकांनी परत फिरवला. जाळरेषेच्या दिवशी तेच पुढे होते आणि वारा कुठून फिरेल ते टोपी काढून केसांनी अजमावत होते. पहिल्याच ओढीला यंत्र सुरू झालं. उद्या कधीतरी सडा चढून जाणारी बॅटरी निघेल, तेव्हा हा धूरही जाईल, असं खटपट्या सांगत होता, आणि ती आपणच काढायची, असं शरूनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

उन्हं कलली आणि रेषा पुरी झाली. घरामागे गवत थोडं राहिलं होतं, म्हणून बाबांनी कटर पुन्हा मागून आणलं. परत करायची वेळ आली, तेव्हा शरूनं बाबांना टाकी ओतून घ्यायला लावली आणि यंत्र काकांच्या ओटीवर नेऊन ठेवलं. तिचे कान अजूनही लाल होते. लाज एवढ्या लवकर जात नाही.

"टाकी रिकामी आहे, काका," ती म्हणाली. मग दुसऱ्या हातातला गुळाचा खडा तिनं त्यांच्या तळहातावर ठेवला.