चौपट हळू केलेला हात

खो-खोच्या सामन्यात मी हुमेराला ढकललं नव्हतं. तरीही शाळेच्या प्रत्येक वर्गातल्या पडदा-भिंतीवर मी तिला ढकलताना दिसत होते, आणि खेळाच्या भोईटे सरांनी मला शनिवारच्या अंतिम सामन्यातून काढून टाकलं होतं.

"केतकी, व्हिडिओ खोटं बोलतो का?" सर म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती क्लिप बनवली होती छाटण्याने. छाटण्या म्हणजे आमच्या शाळेचा संकलक यंत्रमानव (व्हिडिओ कापून-जोडून सजवणारा रोबो). मी तरातरा त्याच्या खोलीत गेले.

"खोटारड्या! खोटी चित्रं घातलीस ना?"

"एकही नाही," तो शांतपणे म्हणाला. त्या शांतपणाचा मला जास्तच राग आला. "व्हिडिओ म्हणजे फ्रेम्सची (भराभर दाखवलेल्या स्थिर चित्रांची) रांग. त्यातली प्रत्येक फ्रेम खरी आहे. मी फक्त ट्रिम केलं आणि वेग बदलला."

"म्हणजे नेमकं काय केलंस?"

त्याने टाइमलाइन (क्लिप जिच्यावर मांडतात ती काळाची पट्टी) उघडली. तिच्यावर आमची क्लिप लांबट ठोकळ्यासारखी दिसत होती. "ट्रिम म्हणजे क्लिपची टोकं आत सरकवणं. बाहेर राहिलेला भाग दिसत नाही, पण मूळ चित्रीकरणात तो शाबूत असतो."

"मग ओढ ते टोक बाहेर!"

त्याने ओढलं. आधी क्लिप माझ्या हातापासून सुरू व्हायची. आता त्याच्या आधीचं दिसलं. खांबाजवळ वळताना हुमेराचा पाय सर्रकन घसरला, ती पुढे झुकली आणि मग माझा हात तिच्या पाठीला लागला. ती आधीच पडत होती!

"हे का कापलंस?"

"तू तिला बाद केलंस ते रंगतदार होतं. घसरणं कंटाळवाणं वाटलं."

"कंटाळवाणं? आणि माझा हात इतका वेळ तिच्या पाठीवर कसा?"

"वेग पाव केला. प्रत्येक फ्रेम चौपट वेळ दाखवली. मागे पंचांच्या हातून सुटलेली शिट्टी बघ. ती अर्ध्या सेकंदात जमिनीवर यायला हवी. इथे तिला दोन सेकंद लागतात."

खरंच, शिट्टी पिसासारखी तरंगत होती! अख्ख्या शाळेने क्लिप पाहिली आणि एकालाही ते खटकलं नाही. मूळ वेगात माझा हात नुसता टेकून निघाला होता. चौपट हळू केल्यावर तोच स्पर्श धक्का वाटत होता.

मी सरांना बोलावून आणलं. त्यांनी पूर्ण क्लिप मूळ वेगात दोनदा पाहिली.

"बरं, शनिवारी खेळ. मिटलं."

"मिटलं कसं, सर? सगळ्यांनी भिंतीवर पाहिलंय, तर सगळ्यांना भिंतीवरच दाखवा!"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर छाटण्याने ती पूर्ण क्लिप सगळ्या भिंतींवर दाखवली. यापुढे प्रत्येक क्लिपवर किती छाटलं आणि वेग किती ठेवला हे लिहायचंच, असं सरांनी जाहीर केलं.

तेवढ्यात, मुरगळलेल्या पायामुळे इतके दिवस घरी असलेली हुमेरा लंगडत आली. सगळा प्रकार ऐकून ती सरांवरच उखडली.

"माझा पाय घसरला होता, सर! एक फोन करून मला विचारायचं ना!"

सरांनी तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

"पडलेल्याला आधी विचारायचं," छाटण्या म्हणाला, "हाही नियम करायचा का?"

"करायचाच!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.